कमी कर्बोदकांच्या हक्का नूडल्स घरी करताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंदूरमधल्या पुष्कळ मराठी घरांत आठवड्यातली एखादी संध्याकाळ चायनीजची असते. कुणी छप्पन दुकानावरून पार्सल आणतात, कुणी कोपऱ्यावरच्या गाडीवर उभ्या उभ्याच खातात. घरात कुणाला मधुमेहाचे निदान झाले किंवा डॉक्टरांनी मैदा कमी करायला सांगितला, की पहिली गदा याच पदार्थावर येते. तो सोडून न देता त्यातली कर्बोदके कशी घटवावीत, याविषयी नेहमी विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांची उत्तरे पुढे दिली आहेत. मोठा चमचा म्हणजे १५ मिलिलिटर आणि लहान चमचा म्हणजे ५ मिलिलिटर, हे माप सर्वत्र धरले आहे. पोषणाचे आकडे सरासरीचे असल्याने भाजीच्या जातीप्रमाणे आणि ब्रँडप्रमाणे ते थोडे मागेपुढे होतात.

येथे मूळ पदार्थ नेमका कोणता धरला आहे?

गाडीवर मिळतात त्या कोरड्या हक्का नूडल्स. कोलकात्यात, विशेषतः टांगरा भागात, स्थायिक झालेल्या चिनी समाजाच्या स्वयंपाकातून हा प्रकार भारतीय जिभेच्या वळणाने घडत गेला. चिनी पद्धतीत याच कुळातले दोन पदार्थ आहेत. लो मीनमध्ये उकडलेल्या नूडल्स सॉसमध्ये घोळवतात आणि चाऊमीनमध्ये त्या तेलावर परततात. आपल्या गाडीवरचा पदार्थ चाऊमीनच्या जवळचा आहे आणि आपल्या कामाला तोच बरा, कारण रस्सेदार प्रकाराचा घट्टपणा बहुतेक वेळा कॉर्नफ्लोअरवर अवलंबून असतो. तेथे नूडल्स काढून टाकल्या तरी पिष्ट शिल्लकच राहते.

एका प्लेटमध्ये कर्बोदके किती असतात आणि ती कोठून येतात?

कोरड्या मैद्याच्या नूडल्समध्ये दर १०० ग्रॅमला साधारण ७२ ग्रॅम कर्बोदके असतात. घरी एका माणसासाठी ७५ ग्रॅम कोरड्या नूडल्स उकडल्या तर केवळ त्यांतून सुमारे ५४ ग्रॅम पोटात जातात. गाडीवरची भरलेली प्लेट बहुधा याहून मोठी असते. त्यात एक मोठा चमचा टोमॅटो केचप पडला तर आणखी चारेक ग्रॅम आणि एक मोठा चमचा कॉर्नफ्लोअर पडले तर सातेक ग्रॅम वाढतात. भाज्यांचा वाटा या हिशेबात किरकोळ असतो, कारण गाडीवर त्या दिसण्यापुरत्याच घालतात.

दिवसाला १३० ग्रॅमपेक्षा कमी कर्बोदके असलेल्या आहाराला सामान्यतः कमी कर्बोदकांचा आहार म्हणतात. कीटो पद्धतीत ही मर्यादा २० ते ५० ग्रॅमपर्यंत खाली येते. म्हणजे कीटो करणाऱ्याचा दिवसभराचा कोटा एका प्लेटमध्येच संपतो, तर १३० ग्रॅम पाळणाऱ्याचा जवळजवळ निम्मा. कोणती मर्यादा पाळायची आहे हे आधी ठरलेले असेल, तर पुढची बरीचशी उत्तरे आपोआप सोपी होतात.

नूडल्सऐवजी काय वापरावे?

पर्याय बरेच आहेत. परंतु इंदूरच्या मंडीत बारा महिने, परवडणाऱ्या भावात आणि चांगल्या प्रतीचा मिळणारा पर्याय विचाराल, तर पहिले नाव कोबीचे घ्यावे लागेल. त्यात दर १०० ग्रॅमला सुमारे ६ ग्रॅम कर्बोदके असून त्यांपैकी अडीच ग्रॅम तंतू असतात. गड्डा घट्ट व जड घ्यावा, उभा अर्धा कापून मधला दांडा काढावा आणि पानांचे थर हलके दाबून सपाट करून ३ ते ४ मिलिमीटर रुंदीच्या लांब पट्ट्या चिराव्यात. कोबीच्या भाजीसाठी आपण बारीक चिरतो तसा तो येथे चिरू नये. तसा चिरलेला कोबी कढईत पडताच बसतो आणि दोन मिनिटांत त्याची भाजी होते.

दुसरा क्रमांक दुधीचा. झुकिनीच्या नूडल्सचा परदेशात बराच गवगवा आहे, पण झुकिनी आपल्याकडे निवडक दुकानांत आणि चढ्या भावाने मिळते. दुधी तिच्याच वर्गातला आहे, त्यात दर १०० ग्रॅमला जेमतेम साडेतीन ग्रॅम कर्बोदके असतात आणि त्याला स्वतःची ठळक चव नसल्याने सॉसची चव तो सहज घेतो. कोवळा, सरळ, नख सहज रुतेल असा दुधी घ्यावा. साल काढल्यावर त्याच सोलाण्याने चारही बाजूंनी लांबच लांब पट्ट्या काढत जावे आणि बिया दिसू लागल्या की थांबावे, कारण बियांभोवतीचा मऊ गर कढईत विरघळतो. उरलेला गाभा सांबारात किंवा थालीपिठाच्या पिठात जिरवता येतो. एक काळजी मात्र न विसरता घ्यावी : चिरण्यापूर्वी दुधीची लहानशी कच्ची फोड जिभेवर ठेवून पाहावी आणि ती कडू लागली तर सबंध दुधी फेकून द्यावा. कडू दुधीतली द्रव्ये विषारी असतात आणि शिजवल्याने ती नाहीशी होत नाहीत.

अंडी खाणाऱ्यांसाठी अंड्याच्या पट्ट्या हा माझ्या मते सर्वांत समाधान देणारा पर्याय आहे. दोन अंडी, एक लहान चमचा पाणी आणि चिमूटभर मीठ फेटून, किंचित तेल लावलेल्या मंद तव्यावर पातळ थर पसरावा. तो वरून सुकला की उलटवण्याच्या भानगडीत न पडता काढून घ्यावा, निवल्यावर सुरळीच्या वडीसारखी गुंडाळी करावी आणि धारदार सुरीने ४ मिलिमीटरचे काप करून ते मोकळे सोडावेत. दोन अंड्यांत कर्बोदके जेमतेम एक ग्रॅम आणि प्रथिने बारा ग्रॅमच्या आसपास असतात. शिवाय या पट्ट्या काट्याभोवती गुंडाळल्या जातात, जे सुख कोबी देऊ शकत नाही.

पाकिटबंद शिराताकी नूडल्स ऑनलाइन मिळतात. त्या कोंजॅक नावाच्या कंदापासून करतात आणि हा कंद आपल्या सुरणाच्याच प्रजातीतला आहे. सुरणात मात्र पिष्ट भरपूर असते, त्यामुळे या नातेसंबंधावरून सुरण किसून नूडल्स करण्याचा मोह टाळावा. शिराताकीत सुमारे ९७ टक्के पाणी आणि उरलेल्यात मुख्यत्वे ग्लुकोमॅनन हा तंतू असल्याने कर्बोदकांच्या हिशेबात त्यांच्याशी कुणी बरोबरी करू शकत नाही. पण त्या रबरी लागतात, सॉस त्यांच्यात शिरत नाही आणि पाकीट फोडताच माशासारखा वास येतो. चाळणीत भरपूर पाण्याने धुवून, दोन-तीन मिनिटे उकळून, नंतर कोरड्या कढईत तेलाविना परतल्यास वास जातो आणि पोतही सुधारतो. ज्यांना अन्न गिळताना त्रास होतो किंवा ज्यांच्या आतड्यांची शस्त्रक्रिया झाली आहे, त्यांनी हा पर्याय डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

आटा नूडल्स, मिलेट नूडल्स किंवा तांदळाच्या नूडल्स चालतील का?

कर्बोदके घटवणे हाच हेतू असेल तर चालणार नाहीत. गहू, ज्वारी, नाचणी, तांदूळ ही सगळी धान्ये कोरड्या वजनाच्या जवळपास ७० टक्के किंवा अधिक कर्बोदकांचीच बनलेली असतात. आटा व मिलेटच्या प्रकारांत तंतू थोडे अधिक असतात, एवढाच फरक. त्यातही पाकिटावरची घटकांची यादी वाचल्यास अनेकदा नाचणीच्या बरोबरीने मैदाही आढळतो. पाकिटावर तळलेल्या नाहीत असे लिहिलेले असते ते तेलाविषयी आहे, कर्बोदकांशी त्याचा काही संबंध नाही.

सर्वांत फसवा प्रकार म्हणजे काचेसारख्या पारदर्शक नूडल्स. त्या मुगापासून करतात हे ऐकून प्रथिनयुक्त असतील असे वाटते. प्रत्यक्षात मुगातले केवळ पिष्ट वेगळे काढून त्या करतात, त्यामुळे कोरड्या वजनात कर्बोदके ८५ टक्क्यांच्या घरात असतात, म्हणजे मैद्याहूनही जास्त.

उकडलेल्या नूडल्स रात्रभर फ्रीजमध्ये ठेवल्यास कर्बोदके कमी होतात असे ऐकले आहे. खरे आहे का?

थंड झाल्यावर काही पिष्टाचे रूप बदलते व ते पचायला अवघड होते, हे खरे आहे. पण हे प्रमाण थोडे असते. त्याच्या भरवशावर पूर्ण प्लेट खाणे शहाणपणाचे नाही.

भाज्यांच्या नूडल्स केल्या की कढईत पाणीच पाणी होते. काय करावे?

या पदार्थाचे सारे गणित याच प्रश्नात आहे, म्हणून उत्तर थोडे सविस्तर देतो. मैद्याची नूडल कढईतले पाणी पिते आणि भाजी पाणी सोडते. गाडीवाला सॉस ओततो तेव्हा नूडल्स तो शोषून घेतात आणि प्लेट कोरडी राहते. आपण त्याच कृतीत नूडल्सच्या जागी दुधी घातला, तर ९५ टक्के पाणी असलेली वस्तू मिठाच्या संपर्कात येऊन आणखी पाणी सोडते, सॉस पातळ होतो, चव फिकी लागते म्हणून आपण आणखी सॉस घालतो आणि शेवटी सोया सॉसमधली दुधीची आमटी तयार होते. तेव्हा कृती तीच ठेवून फक्त घटक बदलणे उपयोगाचे नाही. सॉस केव्हा घालायचा, किती घालायचा आणि भाजीतले पाणी कोठे जाऊ द्यायचे, हे तिन्ही नव्याने ठरवावे लागते.

दुधीच्या बाबतीत पाणी आधीच काढून टाकावे. ३०० ग्रॅम पट्ट्यांना अर्धा लहान चमचा मीठ चोळून त्या चाळणीत पंधरा मिनिटे ठेवाव्यात, मग स्वच्छ पंचात गुंडाळून घट्ट पिळाव्यात. खालच्या भांड्यात बऱ्यापैकी पाणी साठलेले दिसेल, आणि मघाशी कडक उभ्या असलेल्या पट्ट्या आता लवचिक होऊन बोटाभोवती सहज वळतील. पिळल्यावरही थोडे मीठ त्यांत राहते, म्हणून पुढे वरून मीठ घालू नये.

कोबीला मात्र आधी मीठ लावू नये. त्याचा करकरीतपणा हाच नूडल्सच्या चिवटपणाची जागा घेणारा गुण आहे आणि मिठाने तो जातो. त्याला हवी असते कडक आच. घरगुती शेगडीची आच गाडीवरच्या भट्टीच्या पासंगालाही पुरत नाही, म्हणून तेथे पाच प्लेट एकदम होतात आणि आपल्याकडे एकाच प्लेटला वाफ धरते. यावर उपाय असा की लोखंडी कढई मोठ्या आचेवर धूर दिसू लागेपर्यंत तापवावी, एका वेळी एकाच माणसापुरता कोबी घालावा, पसरून अर्धा मिनिट अजिबात हलवू नये, म्हणजे खालच्या कडा तपकिरी होतात, आणि मग उलटसुलट परतून दोन मिनिटांच्या आत बाहेर काढावा. झाकण चुकूनही ठेवू नये. कढईत भाजी चुरचुरत असेल तोवर पाणी उडून जात आहे असे समजावे. आवाज मंदावून खदखद ऐकू आली, की कढईत गर्दी झाली आहे हे ओळखून निम्मी भाजी बाजूला काढावी.

नॉनस्टिक भांडे इतके तापवणे योग्य नाही, त्याचा लेप खराब होतो. या कामाला लोखंडच हवे.

दोन माणसांसाठी पूर्ण कृती सांगाल का?

साफ केलेला कोबी ४०० ग्रॅम लांब चिरून, ढोबळी मिरची १०० ग्रॅम, गाजर ५० ग्रॅम काड्यांसारखे चिरून, कांद्याची पात ४० ग्रॅम, लसणाच्या आठ लहान पाकळ्या, बोटाच्या पेराएवढे आले, दोन हिरव्या मिरच्या, पनीर १६० ग्रॅम, तेल दोन मोठे चमचे, सोया सॉस दोन मोठे चमचे, व्हिनेगर दोन लहान चमचे आणि मिरपूड, एवढे साहित्य पुरते.

आधी पनीरचे बोटभर लांब, पातळ तुकडे थोड्या तेलावर दोन्ही बाजूंनी सोनेरी करून काढून घ्यावेत. सोया सॉस, व्हिनेगर आणि मिरपूड वाटीत कालवून शेगडीजवळच ठेवावे, कारण पुढचे काम सुरू झाले की बाटली शोधायला वेळ मिळत नाही. कढई तापवून वर सांगितल्याप्रमाणे कोबी दोन वेळा मिळून परतून परातीत पसरून ठेवावा. ढीग केला तर वाफेने तो मऊ पडतो. मग उरलेल्या तेलात आले, लसूण आणि मिरची दहा-पंधरा सेकंद परतावी, गाजर आणि ढोबळी मिरची घालून मिनिटभर मोठ्या आचेवर हलवावी, कोबी व पनीर परत आत टाकावे आणि वाटीतला सॉस भाजीवर न ओतता कढईच्या तापलेल्या कडेवरून गोल सोडावा. तो तेथेच सणसणत आटतो आणि गाडीवरच्या नूडल्सना येतो तसा किंचित जळका, खमंग वास धरतो. तीन-चार वेळा खालीवर करून पात भुरभुरावी आणि लगेच वाढावे. हे सगळे मिळून पाच मिनिटांच्या वर जाता कामा नये. चिरण्याला मात्र वीस मिनिटे धरावीत.

तंतू वजा केल्यास एका माणसाच्या वाट्याला सुमारे १८ ग्रॅम कर्बोदके येतात. त्यांतला मोठा भाग कोबीचा असला तरी चार पाकळ्या लसणातून तीनेक ग्रॅम येतात, याकडे सहसा लक्ष जात नाही. पनीरऐवजी प्रत्येकी दोन अंड्यांच्या पट्ट्या घातल्यास हा आकडा आणखी दोन ग्रॅमनी उतरतो. कर्बोदके कमी झाली म्हणजे उष्मांक कमी झाले असे मात्र नाही : तेलाचा प्रत्येक मोठा चमचा सुमारे १२० कॅलरी देतो आणि पनीरमध्येही स्निग्धांश भरपूर असतो.

कॉर्नफ्लोअरशिवाय सॉस दाट कसा करावा?

कोरड्या नूडल्सना दाट सॉसची गरजच नसते, म्हणून पहिला सल्ला तो वगळण्याचा आहे. तरीही चकचकीत लेप हवा असेल तर झँथन गम किंवा गवार गम ही दाटपणा आणणारी पूड वापरता येते. दोन माणसांच्या सॉसला एक अष्टमांश लहान चमचा पुरतो आणि ती आधी लहान चमचाभर तेलात कालवून मगच सॉसमध्ये घालावी, कारण थेट पाण्यात टाकल्यास तिच्या गुठळ्या होतात आणि त्या मोडत नाहीत. प्रमाण जास्त झाले की सॉस बुळबुळीत लागतो. आरारूट हा कॉर्नफ्लोअरला पर्याय म्हणून सुचवला जातो, पण तेही शुद्ध पिष्टच असल्याने कर्बोदकांच्या दृष्टीने दोघांत फरक नाही.

बाजारातले सॉस वापरावेत का?

सोया सॉस खुशाल वापरावा. एका मोठ्या चमच्यात कर्बोदके सुमारे एक ग्रॅम असतात. तो बहुधा गहू घालून आंबवतात, त्यामुळे ज्यांना ग्लूटेन वर्ज्य आहे त्यांनी तेवढे पाकिटावर पाहून घ्यावे. रेड चिली सॉस, शेजवान चटणी आणि केचप यांत साखर आणि स्टार्च असू शकते व घटकांच्या यादीत ती पहिल्या तीन-चार नावांत असेल तर बाटली परत फडताळात ठेवावी.

शेजवान चटणी घरी करणे अवघड नाही. बेडगी मिरच्या बिया काढून गरम पाण्यात भिजवून वाटाव्यात, भरपूर लसूण-आले तेलावर परतून त्यात हे वाटण तेल सुटेपर्यंत परतावे आणि शेवटी व्हिनेगर व मीठ घालावे. ज्या सिचुआन प्रांताचे नाव या चटणीला चिकटले आहे तेथल्या मिरीची जिभेला मुंग्या आणणारी चव आपल्या गाडीवरच्या चटणीत सहसा नसते. मात्र कोकणात माश्यांच्या आमटीत घालतात ते तिरफळ त्याच प्रजातीतले आहे. कोकणातले नातेवाईक असतील तर दोन तिरफळे मागवावीत, बिया टाकून नुसती साल भाजून कुटून चिमूटभर घालून पाहावी. मूळ चवीच्या जवळ जाण्याचा याहून स्वस्त मार्ग मला माहीत नाही.

तिळाच्या तेलाविषयीही एक खुलासा. चिनी स्वयंपाकात शेवटी दोन थेंब घालतात ते भाजलेल्या तिळांचे गडद, वासाचे तेल असते, तर आपल्या घाण्यावरचे तेल कच्च्या तिळांचे असते आणि ते घातल्याने तो वास येत नाही. त्यापेक्षा लहान चमचाभर तीळ खमंग भाजून, जाडसर कुटून वरून भुरभुरावेत.

अजिनोमोटो घालावा की नाही?

त्यात कर्बोदके नसतात. जपानी रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी १९०८ मध्ये कोंबू या समुद्री शेवाळापासून ही चव वेगळी काढली, आणि टोमॅटो व मुरवलेल्या चीजमध्ये ही चव देणारे ग्लूटामेट नैसर्गिकरीत्याही असते. मिठात सुमारे ३९ टक्के सोडियम असते, तर यात १२ टक्के. त्यामुळे थोडा अजिनोमोटो घालून मीठ कमी केले तर एकूण सोडियम घटू शकते. ज्यांना तो खाल्ल्यावर त्रास जाणवतो त्यांनी तो वगळावा आणि वाळवलेल्या मशरूमची पूड वापरावी.

खरी काळजी करायची ती सोया सॉसमधल्या मिठाची. एका मोठ्या चमच्यात सुमारे ९०० मिलिग्रॅम सोडियम असते आणि जागतिक आरोग्य संघटना प्रौढांसाठी दिवसाला २००० मिलिग्रॅमपेक्षा कमी सोडियम, म्हणजे ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ, सुचवते. म्हणून वरच्या कृतीत मिठाचा उल्लेख मुद्दामच केलेला नाही.

चातुर्मासात आम्ही कांदा-लसूण खात नाही. चव कशी आणावी?

तेल तापल्यावर चिमूटभर हिंग, भरपूर आले, हिरवी मिरची आणि कोथिंबिरीचे बारीक चिरलेले देठ घालावेत. देठांत पानांपेक्षा वास जास्त असतो आणि ते कढईत टिकतात. पांढरी मिरपूड मिळाल्यास अवश्य घालावी. बांधणीच्या हिंगात गव्हाचे पीठ किंवा मैदा असतो, परंतु चिमटीत तो नगण्यच होय. ज्या जैन स्नेह्यांना कंदमूळ वर्ज्य आहे त्यांच्यासाठी आले व गाजरही काढून ढोबळी मिरची वाढवावी, आणि मिरच्या भिजवून वाटलेल्या चटणीवर भिस्त ठेवावी. कर्बोदकांचा आकडा अर्थातच यात आणखी खाली येतो.

वरून शेव टाकली तर चालेल का?

इंदूरमध्ये हा प्रश्न येणारच होता. मूठभर, म्हणजे २५ ग्रॅम शेवेत दहा ग्रॅमहून अधिक कर्बोदके असतात, तेव्हा रोज नको. त्याऐवजी भाजलेले शेंगदाणे भरड कुटून घातल्यास कुरकुरीतपणा मिळतो. जीरावण हा इंदुरी मसाला मात्र चिमूटभर टाकायला हरकत नाही. शुद्ध चवीच्या आग्रह्यांना ते पटणार नाही, पण कोबीवर ते छान लागते.

प्रथिनांसाठी पनीरखेरीज काय घालता येईल?

माळवा हा सोयाबीनचा पट्टा आहे आणि सोयाबीन संशोधनाची राष्ट्रीय संस्थाही इंदूरमध्येच आहे, त्यामुळे सोया पनीर म्हणजेच टोफू येथे अपूर्वाईचा राहिलेला नाही. त्यात कर्बोदके पनीरइतकीच किंवा थोडी कमी असतात. तो स्वच्छ फडक्यात गुंडाळून वर वजन ठेवून अर्धा तास दाबावा, नाहीतर पाण्याची तक्रार पुन्हा उभी राहते. सोया वड्यांत कोरड्या वजनाच्या सुमारे ५२ टक्के प्रथिने असतात, परंतु ३३ टक्के कर्बोदकेही असतात आणि या ३३ पैकी १३ तंतू. ३० ग्रॅम वड्या घातल्यास तंतू वजा जाता निव्वळ कर्बोदके सहा ग्रॅमच्या आसपास वाढतात, हे लक्षात घेऊन प्रमाण ठरवावे.

मधुमेहाची औषधे चालू असताना हा बदल करण्यात काही धोका आहे का?

एखाद्या संध्याकाळी प्लेट बदलणे वेगळे आणि संपूर्ण आहारातली कर्बोदके एकदम उतरवणे वेगळे. इन्शुलिन किंवा ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड यांसारख्या गोळ्या घेणाऱ्यांनी नेहमीचा डोस घेऊन जेवणात अचानक निम्म्याहून कमी कर्बोदके घेतली, तर रक्तातली साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली जाऊ शकते. घाम येणे, हातपाय थरथरणे, छातीत धडधडणे ही त्याची लक्षणे आहेत आणि अशा वेळी लगेच साखर घ्यावी लागते. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गटातली औषधे घेणाऱ्यांनी कीटो आहार डॉक्टरांच्या सल्ल्याविना मुळीच सुरू करू नये, कारण त्यांच्यात साखर फारशी वाढलेली नसतानाही कीटोअॅसिडोसिस, म्हणजे रक्त आम्लधर्मी होण्याचा धोकादायक विकार, होऊ शकतो. वॉरफरिन हे रक्त पातळ करणारे औषध घेणाऱ्यांनी कोबीचे प्रमाण एकाएकी वाढवण्यापूर्वी विचारून घ्यावे, कारण त्यातले के जीवनसत्त्व या औषधाचा परिणाम कमी करते. मूत्रपिंडाचा विकार असेल तर प्रथिनांचे प्रमाण डॉक्टरांनी ठरवून दिलेले असते, तेच पाळावे.

मुले आणि घरातले इतर लोक कोबीच्या नूडल्स खायला तयार नसतात.

त्यांनी खाव्यात असा आग्रहही नसावा. वाढत्या मुलांना कर्बोदके टाळण्याचे कारण नाही. एकाच कढईत दोन्ही सोय होते : भाज्या व सॉस तयार झाल्यावर आपला वाटा काढून घ्यावा आणि उरलेल्यात उकडलेल्या नूडल्स घालून परताव्यात. ज्यांना एकदम सोडवत नाही त्यांनी ३० ग्रॅम कोरड्या नूडल्स आणि बाकी कोबी असे मिश्रण करावे. नूडल्समधून मग सुमारे २२ ग्रॅमच कर्बोदके येतात. शिवाय त्या थोड्याशा नूडल्स कोबीने सोडलेले पाणी पिऊन टाकत असल्याने हा मिश्र प्रकार जमवायला सर्वांत सोपा जातो. नवशिक्यांनी येथूनच सुरुवात करावी.

बाहेर खायची वेळ आली तर काय मागावे?

इंदूरच्या सराफ्यातल्या खाऊगल्लीत रात्री फिरताना भुट्ट्याचा कीस आणि गराडू हा तळलेला कंद समोर असताना नूडल्सचाच मोह होईल असे नाही, परंतु मका आणि गराडू हेही पिष्टमय आहेत एवढे ध्यानात असू द्यावे. चायनीजच्या गाडीवर पनीर चिली किंवा मंच्युरियन मागवले, तर नूडल्स टळतात पण कॉर्नफ्लोअर-मैद्याचे आवरण आणि दाट सॉस टळत नाहीत. हॉट अँड सावर सूपही कॉर्नफ्लोअरनेच दाट केलेले असते. गर्दी नसेल तेव्हा गाडीवाल्याला नूडल्स न घालता भाज्या, पनीर किंवा अंडी कोरडी परतून द्यायला सांगावे, केचप नको म्हणावे आणि पैसे हाफ प्लेटऐवजी फुल प्लेटचे द्यायची तयारी ठेवावी, कारण नूडल्सपेक्षा पनीर त्याला महाग पडते. ऑर्डर देताना त्याच्या कढईसमोर उभे राहणे उत्तम. सवयीने त्याचा हात कॉर्नफ्लोअरच्या वाटीकडे जातोच.

हे डब्यात नेता येते का? किती वेळ टिकते?

कोबीचा प्रकार डब्यात चालतो, दुधीचा चालत नाही. दोन तासांत तो पाणी सोडून लगदा होतो. डब्यासाठी कोबी एरवीपेक्षा अर्धा मिनिट कमी परतावा, ताटात पसरून पूर्ण निवू द्यावा आणि मगच डबा बंद करावा. सॉस लहान डबीत वेगळा न्यावा आणि खाताना कालवावा. अंड्याच्या पट्ट्या किंवा पनीर घातले असेल तर उन्हाळ्यात, विशेषतः एप्रिल-मेमध्ये, डबा सकाळपासून दुपारपर्यंत बाहेर ठेवू नये. फ्रीजमध्ये हा पदार्थ दुसऱ्या दिवसापर्यंत ठीक राहतो. गरम करताना मायक्रोवेव्हऐवजी तापलेल्या लोखंडी तव्यावर पसरून मिनिटभर परतल्यास साठलेले पाणी उडते. मायक्रोवेव्हच वापरायचा असेल तर झाकण न ठेवता गरम करावे आणि तळाशी साचलेले पाणी आधी ओतून टाकावे.